सत्तराव्या किलोमीटरवरची खुर्ची

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. शाळा उघडायच्या आहेत, त्यामुळे दुकानात गणवेशांचे ढीग लागले आहेत. तुझी वहिनी म्हणते, काही दिवसांनी मी पावसुद्धा कात्रीनं कापायला लागेन. तिचा गुडघा बरा आहे.

काल मेहुण्यांचा फोन आला होता. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते मला फोन करतात, हे मला ठाऊक आहे. पण काल त्यांचा आवाज पडला होता. तू पुन्हा त्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं आहेस म्हणे. गेल्या वर्षी सत्तर किलोमीटरवर तुला गाडीत घालून घरी आणली, आठवडाभर तू जिना पाठमोरी उतरत होतीस, पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. एवढ्यात विसरलीस? मेहुण्यांनी मला गळ घातली आहे की तुम्ही तिला काही सांगा, तुमचं ती ऐकते. (हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.)

मी फार शिकलो नाही. जे शिकलो ते जुने कोट उसवून आणि पुन्हा शिवून. त्यातून एक कळलं, की चांगल्या कपड्यात प्रत्येक टाक्याला कारण असतं. कारण सापडलं नाही तर तो टाका काढावा. म्हणून तुला एकच विचारतो. का? तब्येतीसाठी म्हणशील, तर सकाळी तासभर चाल, कोण अडवतंय? बक्षिसासाठी म्हणशील, तर तू पहिली येणार नाहीस हे तुलाही ठाऊक आहे. चाळिशी ओलांडून बरीच पुढे आलेली बाई, वॉर्डची मोठी सिस्टर, दिवसभर पायांवर उभी. तुला आणखी पाय झिजवायची हौस कसली?

वहिनी म्हणते, तिला तिच्या मनासारखं करू द्या आणि तुम्ही तुमची काजं करा. काजं मी करतोच आहे. पण उत्तर पाहिजे, मुद्देसूद पाहिजे, आणि पत्रानं पाहिजे. फोनवर तू हसून विषय बदलतेस.

कळावे. राग नाही, काळजी आहे. माझ्या अक्षरात दोन्ही सारखंच दिसतं, एवढंच.

तुझा,
दादा


२४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र औषधांच्या कपाटाआड उभं राहून वाचलं. हसू आलं म्हणून शिकाऊ नर्सेस दचकल्या. मोठी सिस्टर हसते, हे त्यांना नवीन होतं.

मुद्देसूद जमणार नाही, जसं झालं तसं सांगते. तीन वर्षांपूर्वी एकदा ड्यूटी संपल्यावर माझी बस चुकली. पुढची यायला वेळ होता, म्हणून चालत निघाले, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, कालव्याच्या कडेनं गेले. घरी पोचेपर्यंत तास-सव्वातास लागला असेल. तेवढ्या वेळात मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, दादा. आणि कुणाचं काही अडलंही नाही. सलाइनं चालू होती, घरचा दिवा लागला होता, यांनी स्वतःचा चहा स्वतः केला होता. मला आधी वाईट वाटलं. मग इतकं हलकं वाटलं, की पुढच्या आठवड्यात मी बस मुद्दाम चुकवली.

तिथून सुरुवात. मग चालायची ती पळायला लागले. तू म्हणतोस, तासभर पुरे. नाही पुरत. पहिल्या तासात मी पळत असते आणि डोक्यात दूध आणायचं राहिलंय, सातव्या खाटेचा ताप उतरला का, हेच चालू असतं. पुढे वॉर्ड सुटतो. त्याच्या बऱ्याच पुढे घर सुटतं. पन्नासच्या पलीकडे गेलं की कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सिस्टर असं काही उरत नाही. एक बाई उरते, घामेजलेली, हट्टी, स्वतःशीच विनोद करणारी. ती मला आवडते. तिला भेटायला तेवढं लांबच जावं लागतं, ती जवळ राहत नाही.

आता गेल्या वर्षीचं. सगळ्यांना वाटतं मी दमून थांबले. दमले होतेच. पण सत्तराव्या किलोमीटरवर हे गाडी घेऊन उभे होते. घडीची खुर्ची मांडलेली, टॉवेल, गरम पाण्याचा थर्मास. मी खुर्चीत बसले. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाले, बस झालं आता, कशाला इतके हाल करून घेतेस. इतक्या मायेनं म्हणाले, की मला नाही म्हणताच आलं नाही. रागावले असते तर उठून पळाले असते. गाडी सुरू झाली आणि वळणापाशीच मला कळलं, की पाय अजून चालले असते. तेव्हापासून ते राहिलेले तीस किलोमीटर माझ्या मागे लागलेत. तिथे मी कशी असते, हे मला बघायचंय. या वर्षी नाही जमलं तर पुन्हा नाव घालायचं धैर्य माझ्यात उरणार नाही, हेही खरं. हे कारण तुला चालतं का बघ.

एक काम आहे. पळताना पाणी आणि खाणं ठेवायला पाठीवरची पिशवी लागते. दुकानातल्या साऱ्या पुरुषांच्या छातीवर बेतलेल्या. बाटल्या नको तिथे दाबतात, पट्टा काखेत घासतो. गेल्या वर्षी कातडं सोललं होतं. तू शिवशील? वहिनीला सांग, गणवेशांचं सगळं उरकल्यावर.

लोभ करतोसच, तो असाच सैलसर असू दे, काचू नये.

तुझी,
धाकटी


१५ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर मुद्देसूद नाही. पण उसवून पाहिलं, आत खोटं अस्तर नाही. तूर्त एवढ्यावर थांबतो.

आधी एक दुरुस्ती. तू लिहिलंस ती पिशवी नव्हे, ते जाकीट. पिशवी माणसाला लटकते, जाकीट माणसाच्या अंगाचं होतं. सोबत पाठवलं आहे. कापड जाळीचं, दोन पदरी. पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून, पुन्हा भिजवून पाहिलं, आटत नाही. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला घेतल्या आहेत. शिंप्याच्या हातून असं होत नाही, शिवण झाकायची हाच आमचा धर्म. पण तुझं कातडं महत्त्वाचं, जगाला दिसलं तर दिसू दे. बाटल्यांचे खिसे छातीवर नकोत म्हणून खाली बरगडीवर घेतले, तिरके, म्हणजे हात मागे न नेता बाटली निघेल. मुंढा खोल कापला आहे, म्हणजे काखेत घासणार नाही. वहिनीनं अंगात घालून दुकानाला तीन फेऱ्या मारल्या आणि हे माझ्यासाठी का नाही केलंत, असं मला विचारलं.

माप मागवलं नाही, याचं नवल वाटेल. तुझा नर्सचा पहिला गणवेश मीच शिवला होता. तेव्हापासून तुझं माप मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

लोभ आहे, तो टाक्याटाक्यानं वाढत आहे.

तुझा,
दादा


२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाकीट मिळालं. शिवण पाहून आमच्या गटातल्या बायका खुळावल्या. आम्ही चौघी-पाचजणी सकाळी एकत्र पळतो. त्यातली एक शाळेची बस चालवते, तिला सगळे बसवाली म्हणतात. दुसऱ्या, गणिताच्या बाई, साठी उलटलेल्या, निवृत्त. गणिताच्या बाईंनी तर टाके मोजायला चष्मा काढला.

आता दुसरी बातमी. ते मला होत नाही.

रागावू नकोस. पाठीवर ताणतं आणि श्वास भरला की पुढची पट्टी सुटते. आधी वाटलं, माझं काही चुकतंय. मग यांनी मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, तुझ्या दादानं हे त्या मुलीला शिवलंय, जी नर्सिंगच्या शाळेत गेली होती. दादा, ती मुलगी आता नाही. एवढी वर्षं मी माणसं उचलते आहे, कुशीवर वळवते आहे. माझे खांदे रुंद झालेत. पाठही. आरशात मला ते हल्ली आवडायला लागलंय.

मी स्वतःभोवती टेप गुंडाळून आकडे घेतलेत, मागच्या बाजूला लिहिलेत. बसवाली हसून लोळत होती, कारण टेप पाठीमागे नेताना मी स्वतःलाच बांधून घेतलं.

पाठ झालेलं लोभाचं माप मात्र बदलू नकोस.

तुझी,
धाकटी


३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्याकडून घरी सुखरूप पोचलो. तुझ्या पत्रातले आकडे मी का घेतले नाहीत, हे तुला तिथे सांगितलंच: स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात वर केला की अंग बदलतं. पण खरं सांगायचं तर मला ते आकडे पटलेच नव्हते. वहिनीला म्हणालो, धाकटीनं टेप उलटा धरला असणार. तिनं माझ्यापुढे गाडीचं तिकीट ठेवलं.

आलो, पाहिलं, आणि गप्प बसलो. तुला वाटलं असेल, रुसलाय. रुसलो नव्हतो. मापाला उभं केलं की माणूस पोट आत घेतो, श्वास धरतो, म्हणून मी गिऱ्हाइकाला बोलतं करतो. तुला बोलतं करावं लागलं नाही. तू पळून आली होतीस, बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या, आणि टेप माझ्या हातात मागेपुढे होत होता. किती वर्षांत मी तुला नीट पाहिलंच नव्हतं. गणवेशातल्या पोरीलाच शिवत बसलो होतो.

तू आत कपडे बदलायला गेलीस, तेव्हा मी तुझ्या मैत्रिणींना माझा तोच प्रश्न विचारला, का धावता? बसवाली म्हणाली, मी रोज दुसऱ्यांची पोरं दुसऱ्यांच्या वेळेवर पोचवते, हा एकच रस्ता आहे जिथे मला उशीर झालेला चालतो. गणिताच्या बाई म्हणाल्या, मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हापासून सगळे जपून राहा, जपून राहा म्हणतात. जपून राहण्याचा कंटाळा आला. आणि जाता जाता मला सुनावलं, की पुरुष धावला तर त्याला वेळ विचारतात, बाई धावली तर कारण. मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर ताडून पाहिलं. दोघे धावणारे आहेत. खरंच, मी त्यांना वेळच विचारतो.

नवं जाकीट सोबत आहे. श्वास भरलेल्या मापाचं. घालून पाहा आणि दोष असेल तर बेधडक लिही.

मेहुण्यांशी माझं ठरलं आहे. या वर्षी ते शेवटच्या रेषेपाशी थांबतील. सत्तरला मी असेन. बस झालं हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. मेहुण्यांनी बराच वेळ घासाघीस केली. त्यांना तुझी माया आहे, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसते, हीच अडचण आहे.

आशीर्वाद आहेतच, या खेपेला माप घेऊन दिले आहेत.

तुझा,
दादा


९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाकीट अंगावर आहे हे विसरायला होतं. यापरतं कौतुक मला येत नाही.

शर्यत पुढच्या रविवारी. बसवाली आणि गणिताच्या बाईही धावणार आहेत. घाबरले आहे, हे फक्त तुला लिहिते. वॉर्डात सगळ्यांना कळलंय. सातव्या खाटेवरची आजी रोज माझे पाय दाबून बघते, तयार झाले का म्हणून. पहाटे अंधारात निघायचं आणि पंधरा तासांच्या आत पोचायचं. एक मिनिट उशीर झाला तरी नाव लागत नाही. पायांची भीती नाही वाटत. सत्तरची ती खुर्ची डोळ्यांपुढे येते. मी बसेन आणि कुणीतरी मायेनं बोलेल.

म्हणून सांगते. मला कशी आहेस विचारू नकोस. चेहऱ्याकडे बघू नकोस, पायांकडे बघ. मोजे बदल, उकडलेला बटाटा मिठात बुडवून दे आणि ढकल.

तुझ्या लोभावर या वेळी थोडा वचक ठेव.

तुझी,
धाकटी


१९ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा तुला फोनवर फक्त झालं एवढंच म्हणाला असेल. पुढचं तो सांगणार नाही, म्हणून बिछान्यात पडल्या पडल्या मी लिहिते. पाय उशांवर आहेत, हे चहा आणून देतात आणि एकही प्रश्न विचारत नाहीत.

पहिले पन्नास छान गेले. गणिताच्या बाई आणि मी बरोबर होतो, मग त्या मागे राहिल्या आणि हातानंच मला पुढे जा म्हणाल्या. साठनंतर ऊन वाढलं आणि माझं पोट फिरलं. पाणीही राहिना. दोनदा रस्त्याकडेला ओकले. सत्तरच्या तंबूपर्यंत पोचले ती चालत, खरं म्हणजे लोंबकळत. दादा खुर्चीपाशी उभा होता, दुकानात असतो तसा, गळ्यात टेप. मी बसले. त्यानं कबूल केल्याप्रमाणे चेहऱ्याकडे पाहिलं नाही. खाली बसला, बूट काढले, मोजे बदलले, पायांना पावडर लावली.

वहिनी, इतके महिने मी धास्ती घेतली होती, की कुणीतरी मला बस म्हणेल. कुणीच म्हणालं नाही. मीच म्हणाले. दादा, मला घरी ने.

लहानपणापासून मी काही मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं, असं झालेलं नाही, तुला माहीत आहे. त्यानं बुटाची नाडी दोनदा सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाला, "नेतो की. पण गाडी शेवटच्या रेषेपाशी आहे आणि किल्ली माझ्या खिशात."

मला समजेना. तेव्हा त्यानं सांगितलं, की यांनी माया येऊन गाडी घेऊन सत्तरला यायला नको, म्हणून त्यानं गाडी तिकडेच ठेवायला लावली आणि किल्ली स्वतःकडे घेतली. स्वतः संयोजकांच्या टेम्पोनं आला. टेम्पो सोडून देणाऱ्यांना घेऊन नुकताच गेला होता. त्यात दादाची परतीची जागा होती, ती त्यानं एका तरुणाला दिली, ज्याचा गुडघा वाकत नव्हता. टेम्पोची पुढची फेरी तासाभरानं. तो म्हणाला, तुला थांबायचं असेल तर थांब, मी शेजारी बसतो, कुणी काही बोलणार नाही. नाहीतर घर त्या बाजूला आहे. आणि हात पुढच्या रस्त्याकडे केला.

मला असा राग आला म्हणून सांगू. इतका व्यवहारी चेहरा मी आयुष्यात पाहिला नाही. त्याच्या हातातला बटाटा हिसकावून घेतला, खाल्ला, आणि तो पोटात राहिला. दुसरा मागितला. मग उठले. पाठीमागून त्यानं जाकिटाची पट्टी सारखी केली. बाकी काही नाही.

त्या तीस किलोमीटरबद्दल तुला काय सांगू? मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं, की तिथे काहीतरी भयंकर असेल. तळ्याला वळसा घालणारा साधा रस्ता आहे. दुतर्फा झाडं, एक बंद पडलेली गिरणी, सायकलवर दोघी मुली, त्यांनी मला विचारलं, कुठून आलात, आणि मी सांगितल्यावर त्या सायकलवरून उतरून थोडा वेळ माझ्यासोबत चालल्या. पाय दुखत होते, पण दुखणं माझ्या शेजारून पळत होतं, आडवं येत नव्हतं. एके ठिकाणी मी मोठ्यानं गाणं म्हटलं, शब्द आठवेनात तेव्हा औषधांची नावं घातली. मला जी बाई तिथे भेटायची होती ती भेटली, वहिनी. ती घाबरट अजिबात नाही.

अंधार पडता पडता दिवे दिसले. वेळ अगदी थोडा उरला होता. आता इथे हसायचं आहे. यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. म्हणे, तुझा चेहरा दिसला की मी काहीतरी बोलून जाईन. त्यामुळे यांना कोण येतंय ते दिसेना. बसवाली माझ्या थोडी पुढे होती. यांनी तिलाच धावत जाऊन हार घालावा तसा टॉवेल घातला आणि माझं नाव घेऊन रडायला लागले. तिनं यांचे खांदे धरून माझ्याकडे वळवलं. मी तेवढ्यात रेषा ओलांडली. मुदतीच्या आत. माझं नाव लागलं. भोंग्यावरून सांगितलं तेव्हा मी जमिनीवर बसले आणि इतकी हसले, की डॉक्टर तपासायला आले. गणिताच्या बाईही मुदतीत आल्या, सगळ्यांत शेवटी, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, माझी नाडी नंतर बघा, आधी मला तो बिल्ला द्या.

पण दादाचा पत्ता नाही. तुझा नवरा, टेम्पोतली जागा दमलेल्यांना राहू दे म्हणत, सरळ रस्त्यानं पायी निघाला होता. मी तळ्याला वळसा घालून येणार, तोवर तो सहज पोचेल, असा त्यानं डोळ्यानं अंदाज बांधला. चपला घालून! गाडीची किल्ली त्याच्या खिशात, म्हणून आम्ही कुणी घरीही जाऊ शकत नव्हतो. मांडव उतरवायला लागले. मी त्या माणसांना विनवलं, की रेषेची कमान तेवढी थोडा वेळ राहू द्या.

मग रस्त्याच्या टोकाला तो दिसला. लंगडत, एक चप्पल हातात, टेप अजून गळ्यात. मी उठून गेले, ताठ पायांनी, त्याचा हात धरला आणि म्हटलं, चल, कमानीखालून आत जाऊ. लोक टाळ्या वाजवायला लागले. बसवालीनं शिट्टी मारली. आणि हा पठ्ठ्या कमानीपाशी येऊन उभाच राहिला. मी ओढते तर हलेना. म्हणाला, माझं नाव यादीत नाही, मी आधीचे सत्तर धावलो नाही, मी यातून जाणार नाही. मी म्हटलं, आता कोण बघतंय. तो म्हणाला, "ही रेषा तुझी आहे. मी बाजूनं येतो."

आणि खरंच, हात सोडवून, दोरीखालून वाकून, लंगडत लंगडत, कमानीला पूर्ण वळसा घालून तो पलीकडे आला आणि मग त्यानं मला पोटाशी धरलं.

कळावे. लोभ तुम्हा दोघांचा आहे, तो पुढेही लागेल. मी पुढच्या वर्षीसाठी नाव घातलं आहे.

तुझी,
धाकटी